स्टार्टरच्या आधी भाजी, भाजीनंतर रोटी: हे असं का होतं आणि टेबलावर बसून ते कसं सांभाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं आठ जणांचं कुटुंब, त्यात सत्तरीपुढचे आजी-आजोबा आणि दोन लहान मुलं, रविवारी रात्री एका मध्यम दराच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये गेलं. वेटिंगमध्ये बराच वेळ गेलेला, म्हणून बसल्या बसल्या सगळी ऑर्डर एकदम देऊन टाकली. सूप आलं. सूप अर्धं व्हायच्या आत पनीर बटर मसाला आणि चिकन हंडी येऊन बसली. टिक्का त्यानंतर आला. रोट्यांची टोपली आली तोवर ग्रेव्हीवर साय धरली होती. आईस्क्रीमसाठी वीस मिनिटं थांबावं लागलं, बिल मात्र न मागता हजर. विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं, ‘आमचं काय चुकलं, आणि पुढच्या वेळी काय सांगायचं?’

चूक रेस्टॉरंटची, हे आधी सांगून टाकतो. आठ जणांची पूर्ण ऑर्डर घेताना ‘मेन कोर्स लगेच लावू की थांबू?’ हे विचारणं कॅप्टनचं, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या माणसाचं काम आहे. तो विचारत नाही, कारण त्या वेळी त्याच्याकडे सहा टेबलं असतात आणि दारात वेटिंगची वही भरलेली असते. पण बसलेल्या माणसाच्या हातातही बरंच काही असतं, आणि ते ‘स्टार्टर आधी आणा हं’ एवढ्यावर भागत नाही. वेटर, कॅप्टन, मग मॅनेजर अशा तिन्ही नोकऱ्या केल्यावर माझं मत असं झालंय की वेटरच्या विसराळूपणाला उगाच दोष दिला जातो. गोंधळ आतल्या रचनेत आहे.

कॅप्टनने ऑर्डर मशीनमध्ये टाकली की आत तीन-चार ठिकाणी केओटी निघते, म्हणजे किचनची चिठ्ठी. तंदूरची वेगळी, चायनीजची वेगळी, इंडियनची वेगळी, बार किंवा ज्यूस काउंटरची वेगळी. प्रत्येक सेक्शनला दिसते ती फक्त आपली चिठ्ठी. टेबल नंबर १४ चा टिक्का अजून सळईवरही चढलेला नाही, हे इंडियनच्या कुकला कळायला मार्ग नाही. त्याच्यासमोर चिठ्ठी आली, त्याने पॅन चढवला. आतल्या आणि बाहेरच्या जगाच्या मधला जो स्टीलचा कट्टा असतो, त्याला आम्ही पास म्हणतो. चांगल्या किचनमध्ये पासवर एक अनुभवी माणूस उभा असतो. कुठल्या टेबलाचं काय निघालं आणि काय राहिलं हे तो बघतो, ‘चौदाचा मेन थांबव’ असं ओरडतो. मध्यम दराच्या बहुतेक ठिकाणी हा माणूस नसतोच. पगार वाचवायचा म्हटलं की पहिली कात्री इथेच लागते. मग जे आधी तयार होईल ते आधी बाहेर पडतं.

आता आधी काय तयार होतं ते बघा. ग्रेव्ह्या सकाळीच झालेल्या असतात. टोमॅटो-लोण्याची मखनी, काजू-मगजची पांढरी, कांदा-टोमॅटोची तपकिरी. या तिघींच्या जोरावर मेन्यूतल्या चाळीस भाज्या उभ्या असतात. पनीर बटर मसाला म्हणजे दोन पळ्या मखनी, पनीर, लोणी, मलई, कसुरी मेथी. सहा-सात मिनिटांचं काम. दाल तर उकडून तयारच असते, फक्त फोडणी द्यायची. चायनीज त्याहून चपळ. मोठ्या बर्नरवरच्या कढईत मंचाव सूप चार-पाच मिनिटांत होतं.

तंदुरीत घाई चालत नाही. पनीर टिक्का सळईवर चढवायचा, भट्टीत सोडायचा, मध्येच काढून टांगून पाणी गळू द्यायचं, लोणी लावायचं, पुन्हा सोडायचा. किमान आठ-दहा मिनिटं. चिकनला त्याहून जास्त, आणि हाडाचं चिकन आधी अर्धं भाजून ठेवलेलं नसेल तर वीस मिनिटं सहज. म्हणजे तुम्ही ज्याला ‘आधी खायचं’ म्हणता त्यालाच आत सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि ‘नंतर खायचं’ ते सगळ्यात आधी तयार होतं. कुणी मध्ये हात घातला नाही तर जेवण उलट्या क्रमाने बाहेर येणारच.

त्यात रोटीही त्याच भट्टीत. मोठ्या ठिकाणी कबाबची भट्टी वेगळी आणि रोटीची वेगळी असते, छोट्या ठिकाणी दोन्ही कामं एकीवरच. सळया आत असताना भिंतीवर रोटी थापायला हात घालणं अवघड, त्यामुळे तंदूरवाला आलटून पालटून काम करतो. रविवारी रात्री नऊचा हिशेब सांगतो. तीस टेबलं भरलेली धरा, टेबलामागे दहा रोट्या. ३०० रोट्या झाल्या. एका लॉटला भट्टीत दहा-बारा बसतात, आणि गोळा हातात घेतल्यापासून टोपलीत पडेपर्यंत एक लॉट तीन मिनिटांचा. पंचवीस ते तीस लॉट, म्हणजे सव्वा ते दीड तास एक माणूस घामाघूम होऊन फक्त रोट्या काढतोय. या हिशेबात कुणाचाही टिक्का धरलेला नाही. तुमच्या आठ जणांची पहिली फेरीच सोळा रोट्यांची होते. म्हणजे दीड लॉट. तो सलग मिळणार नाही, कारण मध्ये इतर टेबलांच्याही चिठ्ठ्या लागलेल्या आहेत.

म्हणून मी ओळखीच्यांना एकच गोष्ट सांगतो. उत्तर हिंदुस्तानी जेवणात टेबलाची वेळ कोर्सवर ठरत नाही, रोटीवर ठरते. बाकी सगळं रोटीच्या वेळेला बांधा.

सूप, स्टार्टर, मेन, डेझर्ट ही एकामागून एक वाढण्याची रीत युरोपातून आली. तिथेही ती फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही फ्रेंच मेजवानीत एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत, बघायला झकास आणि खायला गार. एकेक पदार्थ स्वतंत्रपणे, प्रत्येकाच्या ताटात, गरम वाढण्याच्या पद्धतीला रशियन सर्व्हिस म्हणतात. पॅरिसमधला रशियाचा राजदूत प्रिन्स कुराकिन याने १८१० च्या सुमारास ती तिथे दाखवली असं मानतात. पुढे ती युरोपभर आणि तिथून आपल्या बड्या हॉटेलांत आली. १९५४ मध्ये मुंबईत हॉटेल मॅनेजमेंटची देशातली पहिली संस्था सुरू झाली. अशा संस्थांतून हाच क्रम शिकवला गेला आणि तिथून तो फॅमिली रेस्टॉरंटच्या मेन्यूकार्डापर्यंत झिरपला. दुसरीकडे, फाळणीनंतर दिल्लीत दर्यागंजच्या मोती महलसारख्या ठिकाणांनी तंदूर हॉटेलांच्या स्वयंपाकघरात रुळवला. मेन्यू तिकडचा, भट्टी इकडची, असा हा संसार आहे. आणि भांडण कशावरून, तर ब्रेडवरून. युरोपियन टेबलावर ब्रेड सुरुवातीपासून टोपलीत पडलेला असतो, गारच खातात, त्याची वाट कुणी बघत नाही. शिवाय प्रत्येकाची प्लेट स्वतंत्र. आपल्याकडे भाजी मधोमध, सगळ्यांची सामायिक, आणि रोटी मात्र भट्टीतून काढल्यावर पाच मिनिटांत खाल्ली तरच रोटी, नाहीतर चामडं. जो पदार्थ सगळ्यात नाजूक वेळेचा, त्याला त्या क्रमात जागाच नाही. मेन्यूकार्डावर तो शेवटच्या पानावर छापतात, आणि आपणही त्याची ऑर्डर सगळ्यात शेवटी, ‘आणि रोट्या… किती सांगू रे?’ असं म्हणत देतो.

मराठी खानावळींनी हा गुंता कधी होऊच दिला नाही. कोल्हापुरात मटणाच्या ताटाला बसा. ताट एकदम येतं, तांबडा-पांढरा रस्सा वाट्यांतून येतो, आणि भाकरी मात्र एकेक करून येते. पहिली संपत आली की दुसरी. रस्सा घेऊन फिरणारा माणूस वेगळाच असतो, त्याचं लक्ष वाट्यांवर. मालवणी खानावळीतही तेच, सुरमई किंवा बांगडा तव्यावरून थेट ताटात, वडे किंवा भाकरी मागोमाग, सोलकढी पहिल्यापासून बाजूला ठेवलेली, तुम्हाला भाताबरोबर प्यायची की मध्येच, तुमचं तुम्ही बघा. पंगतीत तर वाढपीच घड्याळ असे. वरणभात-तूप वाढून झाल्याशिवाय जेवायला सुरुवात नाही, मसालेभात कधी फिरवायचा, गोडाचा आग्रह कधी करायचा, ताकभातावर कधी यायचं, हे तो पानांकडे बघून ठरवायचा. बोलावं लागायचं नाही. या सगळ्या ठिकाणी एक माणूस फक्त खाणाऱ्याच्या ताटाकडे बघायला मोकळा ठेवलेला असतो. रेस्टॉरंटमध्ये तुमच्या ताटाकडे बघणारा वेटर आणि मशीनमध्ये ऑर्डर टाकणारा कॅप्टन ही दोन माणसं, आणि रविवारी त्यांची भेट होईलच असं नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. बसल्यावर वेटर पाणी घेऊन येईल, त्याला काही सांगू नका. ऑर्डर घेणाऱ्याला सांगा. बऱ्याच ठिकाणी तो काळ्या जाकिटातला कॅप्टन असतो. त्याला साधारण असं म्हणा: ‘दादा, सगळी ऑर्डर आत्ताच देतो, पण केओटी दोन करा. आधी सूप-स्टार्टर. मेन होल्डवर ठेवा, मी सांगेन तेव्हा चालू करा.’ ‘केओटी’ आणि ‘होल्ड’ हे दोन शब्द ऐकले की समोरचा माणूस जरा सरळ उभा राहतो, हा अनुभव आहे. बहुतेक मशीनमध्ये होल्डची सोय असते. नसली तर तो ऑर्डर वहीत लिहून ठेवील आणि नंतर टाकील.

मेनची ऑर्डर नंतर दिली तर काय बिघडतं, असं कुणी विचारेल. आडवारी काहीच बिघडत नाही, उलट तेच बरं, कारण स्टार्टरनंतर भूक किती उरली ते कळलेलं असतं. शनिवार-रविवारी मात्र नंतर द्यायचं म्हटलं की आधी कॅप्टन सापडायला हवा. शिवाय त्याला आधीपासून माहीत असेल तर तो तंदूरवाल्याला कानात सांगून ठेवतो, ‘चौदाच्या सोळा रोट्या यायच्या आहेत’. ही सूचना कुठल्याच चिठ्ठीवर नसते, पण रविवारचा सगळा कारभार अशाच सूचनांवर चालतो.

मेन चालू करायला कधी सांगायचं? स्टार्टर संपल्यावर नाही. टेबलावर शेवटचे दोन-चार तुकडे उरले की. म्हणजे भाज्या निघायला आठ-दहा मिनिटं, तेवढ्यात प्लेटा बदलून होतात. आणि सांगताना रोटीचं नाव आधी घ्या: ‘आठ रोट्या लावा, त्यांच्याबरोबरच भाज्या येऊ द्या. उरलेल्या आठ मी हात केला की.’ सोळा एकदम मागवल्या तर त्या एकदम येतात, टोपलीत एकमेकींच्या वाफेने मऊ पडतात, आणि खालच्या चार कुणी खात नाही. पहिल्या आठ टेबलावर पोचल्या की लगेच दुसऱ्या आठ सांगायच्या. त्या येईपर्यंत पहिल्या संपत आलेल्या असतात. नान, कुलचा, लच्छा पराठा असं प्रत्येकाचं वेगळं असेल तर फेरी लांबते, कारण लच्छा पराठ्याला लाटायलाच वेळ लागतो. घाई असेल त्या रात्री सगळ्यांनी साधी किंवा बटर रोटी घ्या. कौतुकाचे प्रकार आडवारी.

स्टार्टर निवडतानाही थोडं डोकं वापरता येतं. तीनही तंदुरी सांगितले तर तिघांचीही वाट एकाच रांगेत बघायची आहे. एक चायनीज, एक तंदुरी असं घ्या. चायनीज आधी येईल, मुलं त्याच्यावर तुटून पडतील, तोवर टिक्का भाजून होईल. तळलेलं एक घेतलं तर आणखी बरं, कारण तो तिसराच सेक्शन. फक्त बोंबील फ्राय मागवलात तर तो आल्याबरोबर खायची शपथ घ्या. फोटो काढत बसलात की गेला.

सिझलरची गोष्ट वेगळी आहे. पुण्या-मुंबईत सिझलरचे खास भक्त आहेत, आणि आठ जणांत एकाने सिझलर मागवला की टेबलाचं गणित फिरतं. ती लोखंडी प्लेट तापवून, कोबीचं पान घालून, चरचरत टेबलापर्यंत आणायची म्हणजे पासवर थांबायला तिला मुभाच नाही. ती आली की बाकीचे बघत बसतात. सिझलर घेणाऱ्याला ‘मेनबरोबर’ असं स्वतंत्र सांगायला लावा, नाहीतर तो स्टार्टरच्या मध्यात धूर काढत येईल.

लहान मुलांचं जेवण मुलांच्या भुकेवर चालतं, कोर्सवर नाही. त्यांचा दालभात किंवा हक्का नूडल्स पहिल्या केओटीतच टाका, सूपबरोबर आलं तरी चालेल. साडेआठला भुकेलं झालेलं चार वर्षांचं मूल सव्वानऊपर्यंत टिकत नाही, आणि मग अख्खं टेबल घाईने जेवतं. आजी-आजोबांचंही तसंच. त्यांना आठला जेवायची सवय असेल तर त्यांची मऊ खिचडी किंवा फुलके पहिल्या फेरीत. ‘सगळ्यांनी बरोबर सुरुवात करायची’ हा आग्रह पंगतीत शोभतो, तिथे सगळ्यांना एकच पदार्थ एकाच वेळी मिळतो. इथे तो आग्रह धरला की कुणाचं तरी गार होतं.

घरात कुणी जेवणाआधी इन्सुलिन घेत असेल तर एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. लवकर काम करणारं इन्सुलिन साधारण जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी घ्यायला सांगतात, आणि लोक ते घरून निघताना किंवा ऑर्डर दिल्या दिल्या घेतात. रविवारी रात्री ऑर्डरनंतर पंधरा मिनिटांत जेवण येईल याची खात्री मी माझ्या स्वतःच्या हॉटेलातही दिली नसती. साखर उतरून घाम फुटलेले काका मी टेबलावर बघितले आहेत. बाहेर जेवताना डोस कधी घ्यायचा ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आणि कॅप्टनला स्पष्ट सांगा की यांच्यासाठी काहीतरी लगेच हवंय. हे कारण ऐकून तोंड वाकडं करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

फ्लोअरवर सगळ्यात अवघड टेबल कुठलं विचाराल तर अर्धे पिणारे आणि अर्धे न पिणारे. पिणाऱ्यांना स्टार्टर रेंगाळत हवे असतात, दुसरा पेग झाल्याशिवाय त्यांना रोटीचं नावही नको. पलीकडच्या बाजूला वहिनी आणि मुलं लिंबूपाण्याचे ग्लास फिरवत बसलेली. दोघांनाही खूश ठेवणारा एकच क्रम नाही. अशा टेबलाने सरळ दोन टेबलं असल्यासारखी ऑर्डर द्यावी. एका बाजूचा मेन त्यांच्या वेळेला, दुसऱ्या बाजूचा त्यांच्या वेळेला. बिल एकच राहू द्या, त्याने कुणाचं अडत नाही. पण हे सुरुवातीला सांगा. तासाभराने रागाने सांगितलं तर ती ऑर्डर घाईत लागते आणि चवीतही कळते.

जैन जेवण हवं असेल तर तेही पहिल्या वाक्यात. वर सांगितलेल्या तयार ग्रेव्ह्यांत कांदा-लसूण असतं, त्यामुळे जैन भाजी बऱ्याच ठिकाणी वेगळ्या पॅनमध्ये शून्यातून करावी लागते. टेबलावर एक जैन भाजी आणि तीन नेहमीच्या असतील तर जैन भाजी शेवटी येते आणि ती व्यक्ती बाकीच्यांकडे बघत बसते. तिची चिठ्ठी आधी टाकायला सांगितली की चारही एकत्र निघतात.

वेळ निवडणं तुमच्या हातात असेल तर रविवारी साडेसातला जा, फार तर पावणेआठ. साडेआठ ते दहा हा किचनचा उकळीचा काळ. त्यातही खरी कोंडी वेटिंग सुटतं तेव्हा होते. पाच टेबलं एकदम उठतात, दारातला माणूस वहीतली पाच नावं एकदम पुकारतो, आणि दहा मिनिटांनी पाच मोठ्या ऑर्डरी एकाच क्षणी आत पडतात. शहाणा मॅनेजर रिकाम्या टेबलावरही पाच-सात मिनिटं कुणाला बसवत नाही. बाहेर उभे असलेले चिडतात, ‘टेबल रिकामं दिसतंय की!’ दिसतंय खरं, पण तुम्हाला आत बसवून उपाशी ठेवण्यापेक्षा ते बरं असतं. शिवाय आता ऑनलाइन ऑर्डरीही त्याच किचनमध्ये, त्याच भट्टीवर. दारात हेल्मेट घातलेली सहा मुलं उभी दिसली तर समजून घ्या की तुम्हाला दिसत नाहीत अशी सहा टेबलं आणखी आहेत.

आणि एवढं सगळं करूनही मेन आधी आलाच तर? तो टेबलावर टेकण्याआधी बोला. वेटरच्या हातात असेपर्यंत तो परत जाऊ शकतो. एकदा तुमच्यासमोर ठेवून झाकण उघडलं की नीट चालवलेल्या ठिकाणी तो पुन्हा किचनमध्ये घेत नाहीत, आणि घेऊही नये. परत पाठवताना काय तग धरतं हेही बघा. दाल मखनी, कोल्हापुरी, हंडी, कढई हे पुन्हा गरम करून चांगले लागतात. बंद हंडीतली बिर्याणी पंधरा मिनिटं बिनधास्त थांबते. पनीर बटर मसाल्यात थोडं पाणी-मलई घालून पुन्हा पॅनमध्ये घेतला की निभतो. नान, कुरकुरी भेंडी, तळलेला मासा, तंदुरी कोळंबी यांना दुसरा जन्म नाही. ते आले की हातातलं सूप बाजूला ठेवा आणि आधी तेच खा. क्रम मोडला म्हणून काही पाप लागत नाही.

प्लेटा उचलण्यावरूनही वेळ कळते. स्टार्टरच्या छोट्या प्लेटा जाऊन मोठ्या, शक्यतो कोमट प्लेटा येणं ही मेन निघाल्याची खूण. प्लेटा न बदलता भाजी आली तर वेटर आणि किचन यांचं बोलणं तुटलेलं आहे असं समजा, आणि रोटीची चौकशी त्याच क्षणी करा. कोमट पाण्याची लिंबू टाकलेली वाटी शेवटचा माणूस जेवून झाल्यावरच यायला हवी. एक जण अजून भात कालवतोय आणि सात वाट्या मांडल्या गेल्या, तर त्याचा अर्थ ‘आता उठा’ एवढाच. वाटी परत न्यायला सांगायला लाजू नका.

न मागता आलेलं बिल हा त्यातलाच प्रकार. उडपी हॉटेलात बिल बडीशेपेबरोबर येतं आणि त्यात काही वाईट नाही, तिथला व्यवहारच चटपटीत आहे आणि दरही तसाच. फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मात्र डेझर्ट विचारल्याशिवाय बिल ठेवणं म्हणजे टेबल रिकामं करून हवंय. कॅप्टनवर एका रात्रीत एकाच टेबलावर तीन वेळा नवे पाहुणे बसवायचं दडपण असतं, हे मला ठाऊक आहे. तरी पाहुण्याला ते दिसू न देणं हाच त्याच्या कामाचा भाग आहे. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो परस्पर लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते नियम कायम ठेवले. मात्र सर्व्हिस चांगली असेल तर वाढणाऱ्या पोराच्या हातात काहीतरी ठेवा. मेन आधी आला त्यात त्याचा हात सगळ्यात कमी होता.

राहिलं आईस्क्रीम. ते शेवटी सांगितलं की शेवटीच येतं, कारण तोवर वेटर पुढच्या टेबलाच्या स्टार्टरमागे लागलेला असतो. दुसऱ्या फेरीच्या रोट्या आल्या की डेझर्ट सांगून ठेवा, ‘हात केला की आणा’ या अटीवर. कुल्फी आणि गुलाबजाम लगेच येतात, सिझलिंग ब्राउनीला वेळ लागतो. आणि बिल समोर पडलेलं असताना वीस मिनिटं थांबवत असतील, तर पैसे द्या आणि उठा. पुण्यातच आहात, बाहेर कुठेतरी मस्तानी प्या. मुलं तेवढ्याने जास्त खूश होतील.